पाड्यावर आरोग्य शिबिर घ्यायचंय? मग आधी दुसऱ्या फेरीची तारीख ठरवा

शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर आम्ही शिबिर घेतलं, त्याला महिना झाला होता. सहज चौकशी करायला म्हणून मी परत गेले. एका झोपडीत कुडाच्या भिंतीला खिळा, खिळ्याला प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत आम्हीच दिलेल्या लोहाच्या गोळ्या. दिल्या होत्या तीस, त्यातल्या सव्वीस तशाच. घरातली बाई खाली बघत म्हणाली, "काळी शी व्हायला लागली ताई. भ्याले न् सोडल्या."

लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो. आमच्या पथकातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. मला तर नक्कीच, कारण ठाण्याच्या नौपाड्यातल्या लॅबमध्ये दिवसभर रक्त काढणं आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट देणं हाच माझा धंदा. पण तिला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशीच्या अहवालात मात्र आम्ही रुबाबात लिहिलं होतं, "महिलांना लोहाच्या गोळ्यांचे वाटप."

दर पावसाळ्याच्या तोंडाशी ठाण्यातून, ऐरोलीतून, वाशीतून मला फोन येतात. "आमच्या सोसायटीला शिबिर घ्यायचंय", "कंपनीचा सीएसआर (समाजकार्याचा निधी) आहे, एक रविवार देऊ शकतो", आणि हल्ली, "ताई, मला आफ्रिकेत जाऊन काम करायचंय, कुठून सुरुवात करू?" प्रत्येकाला तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचाराचा शब्द डॉक्टरांचाच. बाकीचं मात्र पायपीट करून शिकलेलं आहे.

परदेशाचं आधी उरकून घेऊ

डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था १९७१ साली फ्रान्समध्ये सुरू झाली आणि १९९९ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. युद्ध, साथ, निर्वासितांच्या छावण्या अशा ठिकाणी ती काम करते. तिथे जायला आपल्या पेशातला दोनेक वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, आणि पहिल्या खेपेला साधारण नऊ महिने ते वर्षभर मोकळं असावं लागतं. भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक यांना कमी मुदतीचं काम मिळू शकतं. फक्त डॉक्टरच लागतात असंही नाही. पाणीपुरवठा बघणारे, गोदाम सांभाळणारे, हिशेब ठेवणारे, लॅबवाले, सगळे लागतात.

याउलट "दोन आठवडे या, पैसे भरा, गरीब मुलांवर उपचार करा" अशी जाहिरात दिसली तर मी दोनच प्रश्न विचारायला सांगते. तुम्ही परत गेल्यावर त्या रुग्णांकडे कोण बघणार? आणि जे काम तुम्हाला भारतात करायची परवानगी नाही, ते तिथे कशाच्या जोरावर करणार? एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ठाण्यात टाके घालू देणार नाहीत, तर दुसऱ्या देशातल्या गरिबाच्या हातावर त्याने का शिकावं? डॉक्टर, नर्स यांना त्या त्या देशाची नोंदणी किंवा तात्पुरता परवाना लागतोच. "आमची संस्था सगळं बघते" असं तोंडी आश्वासन मिळालं तरी कागद मागा.

मदत करायला गेलेल्यांनी नुकसान केल्याचे दाखले दुर्दैवाने पुष्कळ आहेत. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे कॉलरा पसरला आणि हजारो माणसं गेली. तो आला होता संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून, सांडपाण्याची नीट व्यवस्था नसल्यामुळे. त्यात आपली भूमिका होती हे संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये मान्य केलं. म्हणजे डबा-लोटा कुठे करणार हाही आरोग्य प्रकल्पातला प्रश्न आहे, आणि तो आधी विचारायचा. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरले जाणारे स्फिअर मानदंड माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि जास्तीत जास्त २० माणसांमागे एक शौचालय सांगतात. छावणीत औषधाच्या आधी हे दोन आकडे बघतात.

पीतज्वराचा धोका असलेल्या आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांत जायचं असेल तर त्याची लस आणि ती घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, लागतं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. २०१६ पासून एक डोस जन्मभर ग्राह्य धरला जातो. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या देशानुसार बदलतात, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच.

आणि परदेशाचं नाव काढलं की मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, तिथेच संसार केला आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. सगळ्यांनी तिकडेच राहावं असं मी म्हणत नाही. पण ते भाषा शिकले, ही गोष्ट पाड्यावर जाणाऱ्यानेही उचलावी.

माझं म्हणणं एवढंच, की आधी दोन वर्षं इथे काम करा. ठाणे स्टेशनवरून कसाऱ्याची लोकल पकडली की दीड-दोन तासांत आपण अशा ठिकाणी असतो जिथे पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. येऊरच्या पाड्यांवर जायला तर ठाणे परिवहनची बस आहे.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

औषधं नाहीत, बॅनर नाही, डॉक्टरही नाही. दोन माणसं, एक वही. भेटायचं कुणाला? आशाताई, अंगणवाडी ताई, उपकेंद्रातल्या सिस्टर, सरपंच आणि वाडीचा भगत, म्हणजे गावठी उपचार करणारा. शेवटचं नाव वाचून काही डॉक्टर नाक मुरडतात. मुरडू देत. शिबिराच्या दिवशी भगत स्वतः खुर्चीवर बसून बीपी मोजून घेताना लोकांनी पाहिला, की अर्धी वाडी आपोआप रांगेत येते.

सरकारी रचना समजून घ्या, कारण तुमचा रुग्ण शेवटी तिच्याच हाती जाणार आहे. आदिवासी भागात साधारण ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. सपाटीवर तोच ५,००० आणि ३०,०००. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना जाऊन भेटा आणि "आम्ही काय करू?" असं न विचारता "तुमचं काय अडतंय?" असं विचारा. आम्हाला एकदा उत्तर मिळालं, "औषधं आहेत हो माझ्याकडे. लांबच्या तीन वाड्यांवरचे बीपीवाले गोळ्या न्यायलाच येत नाहीत, त्यांचं बघा." त्या वर्षी आम्ही नवं काहीच केलं नाही, ते तीन वाड्यांचं काम केलं.

परवानगी लेखी घ्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, त्याची पोच, ग्रामपंचायतीला पत्र. शहरातल्या वस्तीत महापालिकेचा आरोग्य विभाग. येऊरसारख्या जागी वनखात्यालाही कळवावं लागतं, कारण तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. या कागदांना महिना जातो. "समाजसेवेला कसली परवानगी?" असं म्हणणाऱ्याला पथकात घेऊ नका, तो पुढेही अडचणीत आणतो.

कॅलेंडर तुमचं नाही, त्यांचं

आमचं सगळ्यात फसलेलं शिबिर जानेवारीतलं. छान थंडी, मंडप, चार डॉक्टर, आणि वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशीच परततात, हे आम्ही कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. जून-जुलैत भाताची लावणी, तेव्हाही घरी कुणी नसतं. लावणी उरकल्यावर, म्हणजे श्रावणाच्या आसपास ते कापणीआधीपर्यंत, माणसं सापडतात, आणि नेमके तेव्हाच रस्ते वाहून गेलेले असतात. तेवढं सोसायचं.

किंवा मग वीटभट्टीवरच जायचं. भिवंडी, कल्याण, पनवेलच्या बाजूला भट्ट्या आहेत. तिथे मालकाशी बोलणं आलं, आणि ते गोडीनेच करायचं. संध्याकाळी पाचनंतर जा. दुपारी गेलात तर बाई तपासणीला उठते तेवढा वेळ विटा पडत नाहीत, आणि विटांवरच तिची मजुरी.

नवी मुंबईत तुर्भे-पावणे बाजूच्या खाणकामगारांच्या वस्त्यांत वेगळं गणित. तिथे रविवार म्हणजे सुट्टी असं धरून चालू नये. पगार कधी होतो ते विचारा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

काय तपासायचं, आणि काय नाही

"मल्टिस्पेशालिटी महाशिबिर" हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. आमचा नियम साधा आहे. ज्याच्या पुढची वाट माहीत नाही ते तपासायचंच नाही. मधुमेह शोधला, तर पुढच्या महिन्याची गोळी कुठून मिळणार हे कागदावर लिहिलेलं हवं. तसं नसेल तर तुम्ही त्या माणसाला फक्त काळजी देऊन आलात.

पहिल्या वर्षी तीन-चार गोष्टी पुरतात.

रक्तदाब. डोंगर चढून आलेल्या माणसाचं बीपी लगेच मोजायचं नाही. पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीला, हात हृदयाच्या उंचीला. चहा-विडी झाली असेल तर अर्धा तास थांबा. १४०/९० च्या वर आलं तर पुन्हा मोजा, आणि तरीही एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला "तुम्हाला बीपी आहे" असं सांगू नका. वेगळ्या दिवशी परत मोजायला हवं, आणि ते आशाताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टर करू शकतात. १८०/१२० च्या पुढे, सोबत छातीत दुखणं, धाप, नजर धूसर होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही असेल तर तो माणूस त्याच दिवशी, त्याच गाडीने रुग्णालयात.

हिमोग्लोबिन. हा माझा प्रांत, म्हणून जरा रेंगाळते. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली आणि गरोदर बाईला ११ च्या खाली म्हणजे पांडुरोग, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेषा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका या रेषेखाली होत्या. त्यामुळे आकडे वाईट येणारच, दचकू नका. बोट टोचताना पहिला थेंब कापसाने पुसा, दुसरा घ्या, आणि बोट पिळू नका. पिळल्यावर रक्तात पाण्याचा अंश मिसळतो आणि आकडा खोटा येतो. यंत्राच्या पट्ट्या उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत विसरू नका. मी एकदा विसरले आणि एक अख्खी डबी वाया गेली.

७ च्या खाली आलेल्या बाईला गोळ्या देऊन निरोप द्यायचा नाही, तिला डॉक्टरांकडे पाठवायचं. आणि आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ध्यानात ठेवा. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तेव्हापासून बऱ्याच जणांची तपासणी झालेली असते. त्या तपासणीचं कार्ड आधी मागा. सिकलसेल असलेल्याला डॉक्टरांना न विचारता लोह सुरू करू नये.

मुलांचा दंडघेर. सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, डावा दंड, रंगीत पट्टी. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पिवळा. पट्टी कातडीत रुतू द्यायची नाही, सैलही सोडायची नाही. दोन्ही पायांवर सूज असेल तर पट्टी काहीही सांगो, मूल धोक्यात आहे. अंगणवाडी ताईंना ही मुलं बहुधा आधीच माहीत असतात. त्यांची यादी आणि तुमची यादी शेजारी ठेवून बसा. तिथे तुमच्यामुळे त्यांना खाली मान घालावी लागली, तर पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी चहा विचारणार नाही.

जवळच्या नजरेचा चष्मा. चाळिशीनंतरच्या माणसाला अधिक एक ते अधिक तीन नंबरपर्यंतचे तयार चष्मे, नेत्रतपासनीस बरोबर हवा. इतकं स्वस्त आणि इतकं तत्काळ सुख देणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. वैतरणेच्या अंगाला एका म्हाताऱ्या बाबांना चष्मा दिला. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. सरळ घरात गेले, मासे धरायचं फाटकं जाळं घेऊन आले आणि रांगेतच उकिडवे बसून गाठी मारायला लागले. रांग त्यांना वळसा घालून पुढे सरकली.

खाणीच्या वस्तीत खोकल्याची रांग लागते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणं, रात्रीचा घाम असेल तर थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, क्षयाचं औषधही फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात. पण दगडाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्याला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार असू शकतो. तो क्षयासारखाच दिसतो, क्षयाच्या औषधाने बरा होत नाही, आणि सिलिकोसिस असलेल्याला क्षय जडण्याची भीतीही जास्त. म्हणून नोंदवहीत "काम काय? किती वर्षं?" हा रकाना हवाच. आमच्या पहिल्या फॉर्मात तो नव्हता, पण "ईमेल आयडी" होता.

माणसं किती लागतात

हिशेब करा. एका रुग्णाला डॉक्टरांची पाच मिनिटं धरली तर तासाला १२, चार तासांत ४८. तीन डॉक्टर असतील तर १४४, तेही कुणी चहाला उठलं नाही तर. म्हणून १२० च्या वर टोकन देऊ नका. त्यापुढच्यांना पुढची तारीख द्या.

तीन डॉक्टरांमागे नोंदणीला दोन, वजन-उंची-दंडघेराला दोन, बीपीला दोन, रक्ताला दोन, औषधाच्या टेबलावर नोंदणीकृत फार्मासिस्ट आणि एक मदतनीस. डॉक्टरांच्या नोंदणीचा क्रमांक आधीच वहीत लिहून ठेवा. विद्यार्थी असतील तर ते मोजमाप करतील, लिहून घेतील. औषध लिहिणार नाहीत.

शेवटचं टेबल आमच्याकडे पूर्वी नव्हतं, त्या सव्वीस गोळ्यांनंतर आलं. त्याला आम्ही "समजावणीचं टेबल" म्हणतो. औषध घेतल्यावर प्रत्येकाने तिथे बसायचं. तिथली ताई शक्यतो त्याच वाडीची किंवा शेजारच्या, कारण ठाकरी, कातकरी बोलीतला प्रश्न आमच्या कानाला नीट लागत नाही. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये त्यांचा तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तेव्हा समजावणीच्या ताईला प्रवासखर्च आणि मानधन द्या. डॉक्टरांना पुष्पगुच्छ आणि तिला वडापाव, असं करू नका.

औषधं: घरातल्या डब्यातली नकोत

सोसायटीच्या खाली खोका ठेवून "उरलेली औषधं टाका" ही कल्पना दर वर्षी कुणाला तरी सुचते. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात जगभरातून ५,००० टन औषधं आणि साहित्य येऊन पडलं. काय काय आलंय हे लावायलाच ५० माणसांना सहा महिने लागले, आणि ८ टक्के औषधांची मुदत संपलेली होती. अशा अनुभवांवरून जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम केले. औषध पोहोचेल तेव्हा किमान वर्षाची मुदत शिल्लक हवी, रुग्णांना दिलेलं आणि परत आलेलं औषध चालणार नाही, नाव तिथल्यांना वाचता येईल असं हवं. पाड्यावरही हेच लावा.

यादी छोटी ठेवा आणि आरोग्य केंद्रात मिळतात तीच औषधं घ्या, म्हणजे पुढची पाळी तिथून चालू राहते. जनऔषधी दुकानातून घेतली तर खर्च बराच कमी येतो, बिलही मिळतं. ओआरएस, झिंक, पॅरासिटॅमॉल, लोह-फॉलिक, जंताची अल्बेंडाझोल, खरजेचं पर्मेथ्रिन मलम, आम्लपित्ताची गोळी आणि डॉक्टर सांगतील ती मोजकी प्रतिजैविकं.

खरजेचं सांगते, कारण तिथे हमखास फसतं. मलम एकाच मुलाला दिलं तर पंधरा दिवसांत खरूज परत. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आणि कपडे-गोधड्या गरम पाण्यातून काढून कडक उन्हात टाकायच्या. पाच माणसांच्या घराला एक ट्यूब दिलीत तर ती दिल्यासारखीच नाही.

जुलाबाच्या बाळाला ओआरएस, आणि सोबत १४ दिवस झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक पूर्ण करायचं, हे तीनदा सांगा. पाकीट नसेल तेव्हासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तोंडी सांगू नका, त्यांच्याच घरातला तांब्या आणि चमचा घेऊन करून दाखवा. चमचे घराघरात वेगळे असतात.

पाकिटावर "१-०-१" लिहिलेलं वाडीत कुणाला वाचता येणार? आम्ही उगवता सूर्य आणि चंद्रकोर काढतो. लोहाच्या पाकिटावर चहाची कपबशी काढून त्यावर फुली, आणि समजावणीच्या टेबलावर ठरलेली तीन वाक्यं: चहाबरोबर घ्यायची नाही, पोटात मळमळलं तर जेवणानंतर घ्यायची, आणि शी काळी होईल, भ्यायचं नाही. मग त्या बाईलाच विचारायचं, "आता घरी सासूबाईंना काय सांगशील?" ती जे सांगेल त्यावरून तुम्ही काय समजावलंत ते कळतं.

सुईची मागणी होणारच. "इंजेक्शन नाय दिलं म्हणजे तपासलंच नाय." वाद घालू नका, देऊही नका.

प्रत्यक्ष दिवशी

शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या खोलीत दोन साड्या बांधून बायकांसाठी आडोसा करा, आणि आत स्त्री डॉक्टर किंवा सिस्टर. हे नसेल तर बायका डोकेदुखी सांगून जातात, खरं दुखणं तसंच राहतं. पिण्याचं पाणी आणि डबे घेऊन जा, वाडीच्या विहिरीवर भार टाकू नका. गाडी परत निघेपर्यंत जाग्यावर हवी.

मोबाइलची रेंज कुठे येते ते पहिल्या फेरीतच बघून ठेवा. आमच्या एका वाडीत फक्त टाकीच्या चबुतऱ्यावर उभं राहिलं तरच १०८ ला फोन लागतो. पावसाळ्यात साप चावल्याची बातमी शिबिर चालू असतानाच येऊ शकते. घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला भाग हलू न देता, माणसाला चालू न देता जवळच्या सरकारी रुग्णालयात, जिथे प्रतिविष आहे तिथे. तो पत्ता आणि नंबर आधीच प्रत्येकाच्या खिशात.

टोचलेल्या सुया जाड पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि हे सगळं परत आपल्याबरोबर. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत शिबिरंही येतात. ज्या रुग्णालयाचं किंवा लॅबचं कचऱ्याचं रीतसर कंत्राट आहे त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. वाडीमागे खड्डा करून जाळलेल्या सुया पुढच्या पावसात वर येतात, आणि तिथे पोरं अनवाणी खेळतात.

फोटोंबद्दल माझं मत कडक आहे. रुग्णाचा चेहरा नाही, मुलांचा तर नाहीच. देणगीदाराला टेबलांचा फोटो पाठवा. एका प्रायोजकाने यावरून हात आखडता घेतला होता. गेला तर गेला.

आणि मग परत जायचं

पैशाची वाटणी करताना निम्मी रक्कम शिबिरानंतरसाठी बाजूला काढा. प्रत्येक रुग्णाचं कार्ड त्याच्याकडे, वहीत नक्कल आपल्याकडे, आणि पुढे पाठवलेल्यांची वेगळी यादी, जिची एक प्रत त्याच संध्याकाळी आरोग्य केंद्रात. पंधरा दिवसांनी आशाताईंना फोन, महिन्याने फेरी, तीन महिन्यांनी पुन्हा.

चिठ्ठी लिहून दिली म्हणजे माणूस रुग्णालयात जातो, हा आमचा सुरुवातीचा भाबडेपणा होता. पहिल्या वर्षी पाठवलेल्यांपैकी पोचलेले बोटांवर मोजण्याइतके. का गेला नाहीस विचारलं तर एकाने सांगितलं, "खिडकी कंची ते कळंना." म्हणून आता एक स्वयंसेवक फक्त सोबतीला असतो. ठरलेल्या दिवशी आसनगाव स्टेशनवर भेटायचं, आधार आणि रेशनकार्ड पिशवीत आहे ना ते बघायचं, केसपेपर काढायचा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठायचं, आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून द्यायचं. यात वैद्यकीय ज्ञान काहीच लागत नाही. निवृत्त बँकवाले, शिक्षक यात डॉक्टरांपेक्षा भारी पडतात. फोन करून "मी काय करू शकतो?" विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच काम देते. निम्मे जण त्यानंतर फोन करत नाहीत.

दुसऱ्या फेरीला औषधं थोडीच न्या. पिशव्या बघा. खिळ्याला, आढ्याला, पत्र्याच्या डब्यात, जिथे असतील तिथून काढून दाखवायला सांगा, पण ओरडू नका. गोळ्या मोजा आणि का राहिल्या ते विचारा. त्या सव्वीस गोळ्यांच्या बाईच्या घरी आम्ही पुढल्या महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा पाकीट रिकामं होतं. हिमोग्लोबिन ८.१ वरून ९.४ वर आलं होतं. ती मात्र दुसऱ्याच गोष्टीवर खूश होती, तिने जावेलाही गोळ्या सुरू करायला लावल्या होत्या. "काळी व्हतंय, भ्यायचं नाय," असं तिनेच सांगितलं होतं.

निघताना पुढची तारीख आम्ही तारखेत सांगत नाही. आठवडी बाजाराच्या हिशेबाने सांगतो, "पुनवेनंतरच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी." आणि त्या दिवशी पाऊस असो, लोकल बंद असो, दोघं जण तरी पोचतातच.